पहिली ओळ सोडून द्या

पत्रिकेवर संयोजकांनी डिस्क, टर्मिनल आणि प्रोसेसर असे तीन विषय छापलेत आणि वेळ दिलाय एकाचा. बघू कुठवर जातंय ते. तुमच्यातले निम्मे तरी कुठल्या ना कुठल्या ऑफिसचा सर्व्हर सांभाळतात, त्यामुळे डिस्क आणि प्रोसेसर किती कामात आहेत ते दाखवणारी आयओस्टॅट ही कमांड काय, हे मी फार सांगत बसत नाही. ती चालवून लोक त्यातलं काय वाचतात, ही माझी तक्रार आहे.

आपल्या भागातली एक पतसंस्था. नाव घेत नाही. सभागृहातल्या बऱ्याच जणांचं खातं तिथंच असायचं. (हशा) रोज सकाळी अकरा वाजले की काउंटर ठप्प. पासबुक पुढं केलं की क्लार्क पडद्याकडं बघतो आणि गिऱ्हाईक क्लार्ककडं. पुरवठादाराला बोलावलं. त्यानं अपटाइम ही कमांड मारली. लोड ॲव्हरेज, म्हणजे चालू आणि खोळंबलेल्या कामांची सरासरी, नऊ; मशीनला कोर, म्हणजे प्रोसेसरचे स्वतंत्र काम करणारे भाग, दोन. ‘प्रोसेसर कमी पडतोय,’ म्हणाला. कोटेशन खिशात तयारच होतं.

आता गंमत बघा. सर्व्हरवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या लोड ॲव्हरेजमध्ये १९९३ पासून प्रोसेसर मागणारी कामं तर मोजतातच, पण डिस्कची वाट बघत अडकून पडलेली कामंही धरतात. नऊच्या नऊ डिस्कपाशी उभी असतील, तरी आकडा नऊच दिसणार.

मग कुणीतरी आयओस्टॅट चालवला. आयडल, म्हणजे प्रोसेसरचा रिकामा वेळ, सत्त्याण्णव टक्के! ‘मशीन तर रिकामंच आहे की हो, सॉफ्टवेअरवाल्याला धरा!’ अहो, तो पहिला अहवाल म्हणजे मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी. त्यात रात्री आल्या, रविवार आले, गणपतीची सुट्टी आली. कमांडपुढं पाच सेकंदांचं अंतर द्या, दुसऱ्या अहवालापासून वाचा. डॅश वाय लावलंत तर पहिला येतच नाही.

खातेदार म्हणून ओळख होती, त्यामुळं फुकटात मला बोलावलं. अकरा वाजता बसलो. यूजर, म्हणजे प्रोग्रामांच्या कामाचा वेळ, सहा टक्के; आयओवेट, म्हणजे डिस्कपायी रिकामा गेलेला वेळ, पंचेचाळीस. डिस्कचा तपशील दाखवणारं डॅश एक्स लावलं तर रांगेत वीस मागण्या आणि अवेट, म्हणजे एका मागणीला लागणारा सरासरी वेळ, दोनशे मिलिसेकंद. डिस्क फिरती, मिनिटाला ७२०० फेऱ्यांची. एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची, सरासरी अर्धी फेरी थांबायचं, वर हेड सरकायला वेळ. इकडच्या तिकडच्या मागण्या सेकंदाला शंभर भागवल्या तरी पुष्कळ झालं. रांगेत वीस असतील तर दोनशे मिलिसेकंद होणारच. आणि एक पासबुक भरायला अशा कितीतरी मागण्या लागतात.

उद्यमबागेतल्या कारखान्यात टर्नर लेथपाशी हात बांधून उभा आहे, कारण फाउंड्रीतून कास्टिंगच आलेलं नाही. आता तुम्ही कास्टिंग मागवणार की आणखी सहा टर्नर ठेवणार? हेच मी संचालक मंडळाला सांगितलं. त्यांनी सहा टर्नर ठेवले. (हशा)

आठ कोरचं मशीन आलं, नारळ फुटला, कुंदा वाटला. आणि जुनी डिस्क काढून त्यातच बसवली, ‘डेटा त्यात आहे ना!’ म्हणून. दुसऱ्या दिवशी अकराला रांग होती तेवढीच. पण पुरवठादारानं आयओस्टॅट दाखवला : आयओवेट पंचेचाळीसवरून अकरा! आकडा खरा होता, हीच तर अडचण. प्रोसेसर रिकामा आहे आणि त्यानं पाठवलेली मागणी डिस्ककडे अडकली आहे, त्या वेळेला आयओवेट म्हणतात, आणि टक्के काढताना भागायचं सगळ्या कोरांनी. दोनाच्या जागी आठांनी भागल्यावर पंचेचाळीसचे अकरा होणारच. डिस्कचा अवेट दोनशेचा दोनशेच, पण तो रकाना सभेत वाचला कुणी? बिल पास झालं.

आणि नेमके अकराच का? कुठला प्रोग्राम डिस्क किती वापरतो ते दाखवणारी पिडस्टॅट डॅश डी चालवल्यावर बॅकअप सापडला. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत, तो पहाटे साडेपाचला लावलेला, पण सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेवर! साडेपाच अधिक आपले साडेपाच, अकरा. २०१४ पासून आपण पाटीवर बेळगाव की बेळगावी यावर भांडतोय, आणि सर्व्हर बसलाय ग्रिनिचला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं. एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, असेल तर यूटिल हा रकाना शंभर टक्के दिसला म्हणून घाबरू नका. ती एकाच वेळी अनेक मागण्या हाताळते आणि यूटिल एवढंच सांगतं की काही ना काही काम सतत चालू होतं. तिथं अवेट आणि रांग बघा. प्रोसेसरमध्ये यूजर आणि सिस्टिम, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा स्वतःचा वेळ, वेगळे वाचा. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका खऱ्या मशीनवर चालणाऱ्या अनेकांपैकी एक, असेल तर स्टील हा रकानाही वाचा. ते वाढलं म्हणजे तुमच्या वाट्याचा प्रोसेसर शेजारचं मशीन खातंय.

टर्मिनल राहिलं. एका मशीनला अनेक टर्मिनलं, म्हणजे कीबोर्ड आणि पडदे, जोडलेली असायची त्या काळापासून आयओस्टॅटमध्ये टिन आणि टाउट असे दोन रकाने आहेत : टर्मिनलांवरून सेकंदाला किती अक्षरं आली, किती गेली. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ते अजून दिसतात, लिनक्सवर आयओस्टॅट ज्यातून येतो त्या सिसस्टॅट संचात नाहीत. लिनक्सवर कोण कुठल्या टर्मिनलवर आहे आणि किती वेळ गप्प आहे, हे डब्ल्यू या एका अक्षरी कमांडनं कळतं. पतसंस्थेत ती चालवली, तर पुरवठादाराचंच लॉगिन निघालं, रूटचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, कित्येक दिवस उघडं. त्याचं पुढं काय झालं ते बाहेर चहा घेताना सांगतो. इथं रेकॉर्डिंग चालू आहे.