आइनो : विशेषणाचं झालं नाव

'आइनो' हे नाव फिनलंडमध्ये इतकं रुळलं आहे की ते फार जुनं असावं, असं वाटतं. तसं ते नाही. मुलींचं नाव म्हणून ते चालू झालं 'कालेवाला'मुळे. एलियास ल्योनरोत यांनी लोकगीतं गोळा करून, जुळवून हे महाकाव्य रचलं. त्याची पहिली आवृत्ती १८३५ ची, आणि आज वाचली जाते ती ५० सर्गांची, १८४९ ची.

मूळ लोकगीतांत मुलगी बहुधा आन्नी असते. गायक म्हणतात, 'आन्नी मुलगी, आइनो कन्या'. या छंदात ओळ साधारण आठ अक्षरांची असते आणि एकच गोष्ट लगेच दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगायची पद्धत आहे. म्हणून नावाशेजारी विशेषण येतं. 'आइनो' म्हणजे आपल्याकडची 'एकुलती एक'. ल्योनरोतनी ते विशेषण उचलून मुलीचं नावच करून टाकलं.

कथेतही त्यांनी हात घातला. लोकगीतातली मुलगी सौनासाठी, म्हणजे वाफेच्या स्नानासाठी, डहाळ्यांच्या जुड्या आणायला रानात जाते. तिथं एक पुरुष तिला अडवतो. ती रडत घरी येते, आई तिला कोठारात जाऊन नटायला सांगते आणि ती तिथंच गळफास घेते. ल्योनरोतच्या चौथ्या सर्गात आइनो पाण्यात बुडते. पाचव्या सर्गात ती मासा होऊन महाकाव्याचा नायक असलेल्या म्हाताऱ्या व्हायनामोइनेनच्या हातून निसटते. हा मासा मुळात वेगळ्याच गाण्यातला! बुडणं आलं म्हणून तो जोडता आला. फास ठेवला असता तर जोडायला जागाच नव्हती. मला ही कारागिरी फार कुशल वाटते. पण ही कथा जशीच्या तशी लोकपरंपरेतली आहे असं कुणी सांगितलं, तर ते चूक.

फिनिश अस्मितेची चळवळ जोर धरत होती, तेव्हा स्वीडिश बोलणाऱ्या सुशिक्षित घरांतही फिनिश नावं ठेवणं हे ठाम विधान झालं होतं. गायिका आइनो आक्ते १८७६ च्या, लेखिका आइनो काल्लास १८७८ च्या. संगीतकार सिबेलियस यांच्या पत्नी आइनो १८७१ च्या. यार्वेनप्यामधलं त्यांचं घर 'आइनोला', कारण फिनिशमध्ये 'ला' हा स्थळवाचक प्रत्यय. १८९१ मध्ये चित्रकार गाल्लेन-काल्लेला यांनी आइनोचं तीन फलकांचं चित्र पूर्ण केलं. ते हेलसिंकीच्या आतेनेउम संग्रहालयात आहे. फिनिश पंचांगात आइनोचा नामदिवस, म्हणजे त्या नावासाठी ठरलेला दिवस, १० मे.

उच्चारताना आघात पहिल्या 'आइ'वर, आणि तो एका दमात. शेवटी 'ओ' आहे म्हणून नाव पुरुषाचं समजू नका. 'एइनो' मात्र पुरुषाचंच, आणि घोटाळा तिथंच होतो. नाव विभक्तीत चालतं तेव्हा गंमत होते. 'आइनोचं' म्हणजे 'आइनोन'. पण 'माझं आइनोवर प्रेम आहे' म्हणताना 'आइनोआ' हे रूप लागतं, आणि आजच्या फिनिशमध्ये 'एकुलती' या शब्दाचं मूळ रूपही तेच, 'आइनोआ'.