सलाईनची बाटली आणि मैदान

नमस्कार, श्रोतेहो. कबड्डीचे सामने चालू असतात, उन्हानं पोरगं गळून जातं आणि कुणीतरी म्हणतं, "एक सलाईन लावून घे, तरतरी येईल." खिडकीच्या गजाला बाटली टांगतात, थेंब थेंब शिरेत उतरू लागतो. आपल्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही. पण ते पोरगं मोठ्या स्पर्धांत उतरणारं असेल, तर तीच बाटली त्याला घरी बसवू शकते.

उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या 'वाडा' या जागतिक संस्थेचा नियम आहे: 12 तासांत 100 मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घ्यायचा नाही. नेहमीची बाटली 500 मिलिलिटरची. म्हणजे पाचवा हिस्सा उतरला की मर्यादा संपली, आत नुसतं मीठ-पाणी असलं तरी. अमेरिकेचा ऑलिंपिक विजेता जलतरणपटू रायन लॉक्टी यानं 2018 मध्ये जीवनसत्त्वांचं सलाईन घेतलं. बंदी असलेलं औषध त्यात नव्हतंच. सुई लावलेला फोटो त्यानं स्वतःच समाजमाध्यमावर टाकला आणि 14 महिन्यांची बंदी ओढवून घेतली.

मिठाच्या पाण्याचं एवढं काय? तर ते चोरी झाकतं. काही जण औषधं घेऊन तांबड्या पेशी वाढवतात. रक्त दाट होतं, दम टिकतो. समजा, पाच लिटर रक्तात पेशींचा हिस्सा 52 टक्के आहे. त्यात अर्धा लिटर सलाईन चढवलं, की त्या घटकेला तो साधारण 47 वर येतो. तपासणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. 2001 मध्ये फिनलंडच्या लाहटीत जागतिक स्कीइंग स्पर्धा झाली, तेव्हा यजमानांचेच सहा खेळाडू रक्त पातळ दाखवणारा द्रव घेतल्यामुळे पकडले गेले. जिंकणाऱ्याच्या मागे प्रामाणिकपणे धावणाऱ्याचं पदक असं हिरावलं जातं, म्हणून मला हा नियम मनापासून पटतो.

कुस्तीतल्या मुलांना वेगळं सांगतो. वजन उतरवण्यासाठी अंगातलं पाणी आटवायचं आणि वजन झालं की सलाईननं भरून काढायचं, हेही या नियमात बसत नाही. जलसंजीवनी तोंडानं प्या, त्याला कसलीच आडकाठी नाही.

खरंच आजारी पडून रुग्णालयात दाखल झालात, शस्त्रक्रिया झाली, तर सलाईन चालतं. जीव आधी. मात्र खोलीवर किंवा मैदानाकडेच्या तंबूत लावलेलं सलाईन त्या सवलतीत येत नाही. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, "मी स्पर्धेत खेळतो." आणि घरी येताना कागद मागून घ्या: सलाईन का लावलं, किती मिलिलिटर, किती वाजता.