बॅटरीवरची करवत आणि झाडावरचा माणूस

श्रोतेहो, नमस्कार. वाढलेल्या झाडाच्या वाळक्या फांद्या उतरवणे, छपरावर झुकलेला फाटा कमी करणे, प्रसंगी अख्खे झाड शेंड्यापासून तुकड्यातुकड्यांनी खाली आणणे, हे ज्यांचे रोजचे काम आहे, त्यांच्या हाती आता पेट्रोलच्या चेनसॉबरोबर, म्हणजे फिरत्या दातेरी साखळीच्या करवतीबरोबर, बॅटरीवर चालणारी चेनसॉही दिसू लागली आहे. ही करवत पेट्रोलच्या करवतीइतकी जोरकस आहे का, असा प्रश्न बहुतेक वेळा विचारला जातो. मला तो अपुरा वाटतो. या यंत्राने जोरापेक्षा कामाची पद्धत अधिक बदलली आहे, आणि त्या बदलाचे मूळ यंत्राच्या शांतपणात आहे.

विजेवर फिरणारी साखळी ही तशी जुनी गोष्ट आहे. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी आपली करवत १९२६ साली तयार केली, आणि त्यांची पेट्रोलवरची करवत त्यानंतर, १९२९ साली आली. ती पहिली करवत धरायला दोन माणसे लागत आणि तिच्यामागे वायर ओढत न्यावी लागे. रानात वायर पोहोचत नाही, म्हणून पुढची अनेक दशके पेट्रोलची राहिली. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि पुढे ब्रश नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या मोटरी आवाक्यात आल्या, तेव्हा कुठे ही वायर सुटली.

आता थोडा हिशेब करू. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते. एक किलो वजनाच्या चांगल्या बॅटरीत ती साधारण १५० ते २०० वॉट-तास, म्हणजे साठपट ते ऐंशीपट कमी असते. लहान टू-स्ट्रोक इंजिन आपल्या इंधनाचा मोठा भाग उष्णतेत आणि न जळलेल्या वाफेत घालवते, तर मोटर मिळालेल्या विजेचा बहुतांश भाग साखळीपर्यंत पोहोचवते. त्यामुळे प्रत्यक्षातली तफावत कमी होते, पण नाहीशी होत नाही. ३०० वॉट-तासांची बॅटरी दीड किलोवॉटच्या ओझ्याखाली सलग चालवली, तर ती १२ मिनिटांत संपेल. जमिनीवर पडलेल्या जाड ओंडक्याचे दिवसभर तुकडे करणाऱ्याला हा आकडा निरुपयोगी वाटेल, आणि त्याचे म्हणणे बरोबरच आहे.

झाडावर चढलेल्या माणसाची गोष्ट मात्र वेगळी असते. त्याचा बहुतेक वेळ दोर वरच्या फांदीवर टाकण्यात, स्वतःची जागा पक्की करण्यात, दुसरा आधार बांधण्यात, कापायच्या फांदीला उतरवणीचा दोर लावण्यात आणि खालची जागा मोकळी झाली की नाही हे पाहण्यात जातो. त्यानंतरचा प्रत्यक्ष काप काही सेकंदांत होतो. या मधल्या काळात पेट्रोलचे इंजिन एकतर घरघरत राहते आणि धूर थेट तोंडावर सोडते, नाहीतर बंद करून पुन्हा दोरी ओढून सुरू करावे लागते. एका हाताने लोंबकळती करवत धरून दुसऱ्या हाताने दोरी ओढणे हे उंचीवर मुळीच सोपे नाही, आणि सुरक्षितही नाही. बॅटरीची करवत दोन कापांच्या मध्ये काहीच खर्च करत नाही आणि कळ दाबताच चालू होते. म्हणून कागदावर १२ मिनिटे दिसणारी बॅटरी छाटणीच्या कामात पुष्कळ वेळ टिकते. किती वेळ, हे लाकडाच्या जातीवर, फांद्यांच्या जाडीवर आणि साखळीच्या धारेवर अवलंबून राहते.

आता शांतपणाकडे येऊ. इंजिन बंद असताना झाडावरचा माणूस खालच्याशी बोलू शकतो. ‘दोर सैल सोडा’, ‘थांबा, कोणीतरी खालून येत आहे’, ‘फांदी तुमच्या उजव्या बाजूला येईल’, ही वाक्ये ज्याला ऐकू येतात त्या गटाचे काम हातवारे करणाऱ्या गटापेक्षा कमी चुकीचे होते. फांदी कापताना लाकूड कडकडू लागले, तर तोही आवाज कानावर येतो, आणि फाटा अपेक्षेआधी तुटण्याची ती सूचना असते. इंजिनाच्या गोंगाटात ती बहुधा हरवते.

पण याच शांतपणाची दुसरी बाजू आहे. पेट्रोलची करवत चालू असल्याची वर्दी खालच्या लोकांना आपोआप मिळत असे. आता वरची करवत कापण्याच्या बेतात आहे, की नुसती कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली आहे, हे खालून कळत नाही. दोराशेजारी उभा असलेला सहकारी फांद्या गोळा करण्यासाठी पुढे येतो आणि नेमका त्याच वेळी वरून काप सुरू होतो. ज्या गटांनी पेट्रोलकडून बॅटरीकडे वळताना आपली बोलण्याची शिस्त बदलली नाही, त्यांनी माझ्या मते यंत्र बदलले आणि धोका वाढवला. प्रत्येक कापापूर्वी वरून मोठ्याने इशारा द्यायचा आणि खालून उत्तर येईपर्यंत कळीला हात लावायचा नाही, एवढा नियम तरी पाळायलाच हवा. शिरस्त्राणात बसवलेले बोलण्याचे संच मिळत असतील, तर त्यांवरचा खर्च करवतीवरच्या खर्चाइतकाच आवश्यक समजावा.

स्वतः चालवणाऱ्यालाही हे यंत्र फसवते. इंजिन बंद झाले म्हणजे करवत निर्जीव झाली, ही अनेक वर्षांची सवय असते. बॅटरी बसवलेली आणि कळ चालू असलेली करवत आवाज न करताही पूर्ण सज्ज असते. कुलूपकळ आणि मुख्य कळ एकदम दाबल्याशिवाय साखळी फिरू नये अशी सोय या करवतींत असते, पण नुसत्या तिच्यावर विसंबता येत नाही. पट्ट्याला अडकवण्याआधी साखळीचा ब्रेक लावणे आणि विजेची कळ बंद करणे, तसेच साखळी ताणताना, तिला धार लावताना किंवा अडकलेला भुसा काढताना आधी बॅटरी काढून ठेवणे, या गोष्टी हाताला आपोआप जमेपर्यंत घोटाव्या लागतात. करवत हलकी असली म्हणून एका हाताने कापण्याचा मोह होतो. साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, की करवत वर आणि मागे उसळते, मग ती पेट्रोलची असो वा विजेची. त्या उसळीला आवरायला दुसरा हात जागेवर असावाच लागतो. वरच्या बाजूला मूठ असलेल्या करवती याच कारणाने फक्त झाडावर काम करण्याचे प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी असतात. जमिनीवर लाकूड कापायला त्या वापरू नयेत.

आणखी एक बाब फारशी बोलली जात नाही. पायांना साखळीपासून वाचवणाऱ्या विजारींत लांब धागे असतात, जे साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकात गुंतून साखळी थांबवतात. पेट्रोलच्या करवतीत हा भार आला की इंजिन दबते आणि क्लच घसरतो. विजेच्या मोटरीत जोर कमी वेगातही टिकून राहतो, म्हणून जुन्या विजारी तिला तितक्याच खात्रीने थांबवतील असे गृहीत धरू नये, आणि विजारीवरची व करवतीबरोबर आलेली सूचना वाचूनच ती वापरावी. अडकलेली साखळी ओळखून मोटर बंद करणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण अनेक करवतींत असते, पण ते विजारीची जागा घेत नाही.

कंपन कमी असण्याचा लाभ मात्र खरा आहे. करवतीच्या थरथरीने वर्षानुवर्षांत बोटांचा रक्तप्रवाह आणि संवेदना बिघडतात, आणि थंडीत बोटे पांढरी पडतात. युरोपीय संघाच्या २००२ सालच्या निर्देशात आठ तासांच्या सरासरीसाठी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही उपाय योजण्याची पातळी आणि ५ ही कमाल मर्यादा ठरवली आहे. इंजिनाचे आदळणे नसल्याने बॅटरीच्या करवती या मर्यादेत राहणे सोपे करतात. आवाजाबाबत तेवढे निश्चिंत होता येत नाही: कापताना अनेक बॅटरी करवतींचा आवाज कानाशी ८५ डेसिबलच्या पुढे जातो, तेव्हा कान झाकणे सुटत नाही.

खरेदी करताना व्होल्टचा मोठा आकडा पाहून भुलू नये. ३६ व्होल्टची आणि ‘कमाल ४० व्होल्ट’ची बॅटरी पुष्कळदा एकाच प्रकारची, ओळीने जोडलेल्या दहा घटांची असते, एक आकडा नेहमीच्या दाबाचा, दुसरा नुकत्याच भरलेल्या बॅटरीचा. वॉट-तास पाहावेत, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार: ३६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास म्हणजे १८० वॉट-तास. शिवाय आधी बॅटरीचे कुटुंब निवडावे, मग करवत. तीच बॅटरी लांब दांड्याच्या करवतीला आणि पालापाचोळा उडवणाऱ्या यंत्राला चालली, तर खर्च वाटला जातो. एकीवर काम, दुसरी चार्जरवर आणि तिसरी थंड होत असलेली, अशी किमान तीन बॅटऱ्यांची फेरी धरावी. कामावरून आलेली गरम बॅटरी लगेच चार्ज करणे तिच्या आयुष्याला मारक असते. बॅटऱ्या चार्ज करण्यासाठी कामाच्या जागी पेट्रोलचा जनरेटर लावलेला दिसला तर हसू येते, पण गाडीवरचा मोठा बॅटरीसंच परवडेपर्यंत तोही मार्ग काही गट पत्करतात.

बोथट साखळीचा दंड इथे लगेच भरावा लागतो, कारण तिच्यामुळे वाया गेलेली ऊर्जा बॅटरीच्या मापात ताबडतोब दिसते. पट्टीला तेल लागतेच. मोटर विजेची झाली म्हणून साखळीचे घर्षण कमी होत नाही. जाड बुंधा पाडायला पेट्रोलची मोठी करवत अजून ठेवावी लागते, आणि दिवसभर शक्ती देणारा पाठीवरचा बॅटरीसंच हा जमिनीवरच्या कामासाठीच ठीक आहे, कारण वर चढताना त्याची तार फांद्यांत अडकते. शून्य अंशाखालच्या थंडीत बॅटरी चार्ज करू नये, महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर अर्ध्यापर्यंत भरलेली, कोरड्या जागी ठेवावी, आणि उंचावरून पडून फुगलेली किंवा तडकलेली बॅटरी पुन्हा करवतीत न घालता, इतर बॅटऱ्यांपासून आणि लाकूडफाट्यापासून दूर ठेवून, ती घेणाऱ्या पुनर्वापर केंद्राकडे पाठवावी.