पंखावरचा बर्फ मोजायचा कुणी?

श्रोतेहो, नमस्कार.

जुलैत सांताक्रूझला पाऊस कोसळत असताना, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला असताना, विमानाच्या पंखावर बर्फ साचतो म्हटलं तर कुणीही हसेल. पण उंची वाढते तसं तापमान किलोमीटरमागे साधारण सहा अंशांनी उतरतं. पावसाळ्यात मुंबईवर १६ ते १८ हजार फुटांच्या आसपास शून्य अंश येतंच. त्यावरच्या ढगांत उणे दहा अंशांनाही पाणी पाणीच राहू शकतं. हे अतिशीत थेंब पंखावर आपटले की गोठतात, पंखाचा आकार बिघडतो आणि त्याची उचल घटते. जेट विमानं हा पट्टा झपाट्याने ओलांडतात. छोट्या शहरांकडे जाणाऱ्या, पंख्यांच्या एटीआर विमानांचा मुक्काम मात्र बऱ्याचदा त्याच उंचीवर असतो.

कुठल्या ढगात असं पाणी किती, हे हवामानाचा फुगा सांगत नाही. विमानांच्या आयसिंगच्या, म्हणजे बर्फ साचण्याबाबतच्या, नियमांचा पाया १९४०च्या दशकातल्या अमेरिकन संशोधन-उड्डाणांचा. त्यात धरलेले थेंब साधारण ५० मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी इंडियाना राज्यात रोझलॉनजवळ एक एटीआर कोसळलं, ६८ माणसं गेली. तिथले थेंब त्याहून बरेच मोठे होते. बर्फ फोडायला पंखाच्या पुढच्या कडेला फुगणारं रबर असतं; ते जिथवर पोचतं, त्याच्याही मागे बर्फ साचला. मोठ्या थेंबांचा नियम यायला २०१४ साल उजाडलं!

संशोधनाची विमानं मोजकीच, आणि ती मुद्दाम बर्फ शोधत जातात. नेहमीची विमानं मात्र रोज, त्याच वाटांनी, हरतऱ्हेच्या ढगांतून जातात. मोजायचं साधनही आहे: सेकंदाला सुमारे ४० हजार वेळा थरथरणारी छोटी कांडी. बर्फ चढला की कंपनं मंदावतात. मग हीटर तो वितळवतो आणि मोजणी पुन्हा सुरू. हा आकडा वैमानिकाला इशारा देण्यापुरताच न वापरता जमिनीवर पाठवला, तर हवामान खात्याच्या कामी येईल.

सध्या बरीचशी भिस्त वैमानिकांच्या तोंडी अहवालावर. एकाच ढगातला बर्फ बड्या जेटला ‘हलका’, तर लहान विमानाला ‘तीव्र’. शिवाय, काही घडलं नाही हे कळवायला कोण बसतो? माझ्या मते खरी उणीव तीच. ‘ढगातून गेलो, उणे आठ अंश होतं, बर्फ नव्हता’ ही नोंदसुद्धा अंदाज पारखायला तितकीच लागते, आणि ती न कंटाळता करेल तर कांडीच. जागतिक हवामान संघटनेच्या ‘अम्दार’ योजनेत प्रवासी विमानं तापमान आणि वारा आपोआप कळवतातच. बर्फाची नोंद त्यात ऐच्छिक आहे.