छपरीतली शिकवणी

वर्धा जिल्ह्यातील एका घराच्या छपरीत एमबीबीएसची एक विद्यार्थिनी मधुमेह असलेल्या आजींसमोर बसली आहे. तिच्या एका हातात इन्सुलिनची कुपी आणि दुसऱ्या हातात लाल टोपणाची सिरिंज आहे. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट या प्रमाणात मिळते आणि त्यासाठी लाल टोपणाचीच सिरिंज लागते. १०० युनिटांसाठीची नारिंगी टोपणाची सिरिंज वापरली गेली, तर २० च्या खुणेपर्यंत औषध भरूनही शरीरात जेमतेम ८ युनिट जातात. आजींना अक्षरओळख नाही, रंग मात्र अचूक कळतो; म्हणून शिकवणीची सुरुवात टोपणापासून झाली.

दुधाळ दिसणारे इन्सुलिन जोराने हलवायचे नसते, ते तळहातांत हळूहळू घोळवायचे असते. सुई टोचण्याची जागा रोज थोडी बदलावी लागते. एवढे सांगून विद्यार्थिनी कुपी आजींच्या हाती देते आणि म्हणते, “आता तुम्ही भरून दाखवा.” “समजलं का?” असे विचारले की दवाखान्यात प्रत्येक जण मान डोलावतो, काय समजले, ते हात चालू लागल्यावरच दिसते. निदान आणि औषधयोजना यांवर वर्षानुवर्षे घोटून घेणाऱ्या वैद्यकीय शिक्षणात रुग्णाला समजावून सांगण्याच्या या कौशल्याला उशिराच जागा मिळाली.

सेवाग्रामला, डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात, विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेत आली आहे. २०१९ पासूनच्या देशव्यापी अभ्यासक्रमात संवादकौशल्याचा स्वतंत्र भाग आला आणि पुढे प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेण्याचा उपक्रमही त्यात समाविष्ट झाला.

कोपऱ्यात मातीची दोन भांडी एकात एक ठेवलेली दिसतात. त्यांच्या मधल्या ओल्या वाळूमुळे आतली कुपी थंड राहते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या या भागात, फ्रिज नसलेल्या घराला “फ्रिजमध्ये ठेवा” असे सांगून भागत नाही.



पुढच्या भेटीत सुनेलाही सोबत बसवायचे ठरले आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत आजी इन्सुलिन घेऊन न जेवताच वावरात गेल्या आणि रक्तातली साखर उतरून त्यांना थरथर सुटून घाम फुटला, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजायची असते, आणि त्या वेळी जवळ सूनच असेल.