पवनचक्क्या कुठे उभाराव्यात आणि केव्हा थांबवाव्यात

दुरून पाहणाऱ्याला पवनचक्की संथ वाटते. पण मोठ्या चक्कीच्या पात्याचे टोक ताशी २५० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत असते. आकाशात घिरट्या घालणारे गिधाड मान खाली घालून जमीन न्याहाळते, आणि त्या स्थितीत त्याला समोरचे दिसत नाही, हे त्याच्या दृष्टिक्षेत्राच्या मोजणीतून स्पष्ट झाले आहे. ज्या पक्ष्याची नजर लांबवरचे मृत जनावर हेरते, तोच समोरच्या पात्यावर आदळतो, तो यामुळे.

मात्र ही हानी सगळीकडे सारखी नसते. स्पेनच्या दक्षिण टोकाला तारिफा परिसरात गिधाडांचे मृत्यू मोजक्याच चक्क्यांपाशी एकवटलेले आढळले. गिधाडे जवळ येताच तेवढ्याच चक्क्या थांबवल्यावर मृत्यू निम्म्याने घटले, आणि वर्षाच्या वीजनिर्मितीतील घट ०.०७ टक्के एवढीच होती.

वटवाघळांविषयी मला अधिक सविस्तर बोलायचे आहे, कारण त्यांचे मरण रात्री घडते आणि त्याची दखल फार उशिरा घेतली गेली. पक्षी बहुधा वाटेत आडवी आलेली चक्की चुकवू न शकल्याने मरतो. वटवाघूळ मात्र अनेकदा आपणहून तिच्याजवळ येते. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांत वटवाघळे चक्कीभोवती रेंगाळताना आणि पात्यांजवळ पुन्हा पुन्हा जाताना दिसली आहेत. ती चक्कीला उंच झाड समजतात की कीटकांच्या मागे येतात, यावर अभ्यासकांत अजून चर्चा चालू आहे. वटवाघळाच्या बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते, म्हणून आकाराने तेवढ्याच असलेल्या उंदराची संख्या जशी झपाट्याने भरून निघते, तशी हिची निघत नाही.

यावरचा उपाय मात्र आश्चर्य वाटावे इतका सोपा आहे. उत्तर अमेरिका आणि युरोपात हे मृत्यू प्रामुख्याने उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरदापर्यंतच्या, मंद वाऱ्याच्या रात्री होतात, आणि मंद वाऱ्यात वीजही थोडीच मिळते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात २००८ व २००९ मध्ये झालेल्या प्रयोगात, वारा सेकंदाला ५ मीटर किंवा त्याहून अधिक होईपर्यंत चक्क्या फिरू दिल्या नाहीत, तेव्हा वटवाघळांचे मृत्यू ४४ ते ९३ टक्क्यांनी कमी झाले. वार्षिक निर्मितीतील घट एक टक्क्यापलीकडे गेली नाही. एवढे ठाऊक असताना ही अट प्रत्येक परवान्यात का नसावी, हा माझा आग्रहाचा प्रश्न आहे.

आता जमिनीकडे वळू, कारण मृतदेह मोजून सगळा परिणाम कळत नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी इतर भागाच्या सुमारे एक चतुर्थांशच आढळले, तर त्यांचे भक्ष्य असलेल्या, गळ्याला रंगीत पंखा असणाऱ्या सरड्यांची संख्या वाढलेली होती. हे सरडे माणसाला अधिक जवळ येऊ देत, त्यांच्या शरीरातील ताणाच्या संप्रेरकाची पातळी कमी होती आणि त्यांची अंगकाठीही खालावलेली होती. ज्या सरड्यापर्यंत पाते कधीच पोहोचणार नाही, त्याच्या वागण्यापर्यंत चक्कीचा परिणाम पोहोचला तो वरचा पक्षी निघून गेल्यामुळे.

नॉर्वेतील स्मोला बेटावर चार चक्क्यांचे प्रत्येकी एक पाते काळे रंगवल्यावर पक्ष्यांचे मृत्यू शेजारच्या चक्क्यांच्या तुलनेत ७० टक्क्यांहून अधिक घटले. चारच चक्क्यांवरचा हा निष्कर्ष इतरत्र पडताळून पाहायला हवा, परंतु रंग काय किंवा थांबवणे काय, हे सारे जागा निवडल्यानंतरचे उपाय आहेत. हवामानबदलाचा फटका वन्यजीवांनाही बसतोच, म्हणून पवनऊर्जा मला हवी आहे. पण चक्कीचा पाया खोदण्याआधी निदान वर्षभर, सर्व ऋतूंत आणि रात्रीसुद्धा, त्या जागेवरच्या आकाशाची पाहणी व्हावी. ती करणाऱ्याला ‘ही जागा नको’ असे लिहिण्याची मुभा असावी, आणि त्याची नोंद सर्वांना वाचता यावी.