गुळाची गाडी

(दृश्य: बंद गुऱ्हाळाचा पत्र्याचा शेड. चाकं काढलेली पिकअप लाकडी ठोकळ्यांवर उभी.)

कोल्हापूरजवळचं करवीर तालुक्यातलं हे परसदार. गुऱ्हाळ केव्हाच बंद पडलंय. चुलवाणाच्या जागी आता ग्राइंडर, वेल्डिंगचं मशीन आणि ही दुरुस्तीला काढलेली टाटामोबाइल 206 पिकअप. पासिंग 1990 सालचं. खाली ठोकळे दिसताहेत ना, ते लाकडीच हवेत. वजनाखाली वीट न सांगता फुटते, आणि त्या वेळी खाली कुणाचं तरी डोकं असतं.

या गाडीनं उभं आयुष्य गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, वाहिले. भल्या पहाटे मागचा हौदा भरायचा आणि शाहू मार्केट यार्डात सौद्याआधी उतरवायचा. गावात तिला गुळाची गाडी म्हणतात.

टाटांची टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, 1954 पासून ट्रक बांधत होती, सुरुवातीला डाइमलर-बेंझच्या सहकार्यानं. 1988 मध्ये तिनं ही छोटी पिकअप काढली. पुढं त्याच पायावर 1991 ला सिएरा आली, पाठोपाठ इस्टेट. मग सुमो, आणि 1998 मध्ये इंडिका. म्हणजे टाटांच्या मोटारींचं मूळ शोधत मागं गेलात, तर एका माल ओढणाऱ्या गाडीपाशी येऊन थांबता. आज जुन्या सिएरावर लोक हौसेनं लाखो रुपये घालतात. पिकअप मात्र भंगारवाला किलोवर मागतो. ओझं वाहणाऱ्याचे फोटो कोण काढून ठेवतंय!

(दृश्य: हौद्याच्या कोपऱ्यावर लोहचुंबक फिरतं. एका जागी चिकटत नाही, गळून पडतं.)

चुंबक पडलं, म्हणजे तिथं पत्रा नाही, लांबी आहे, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी. मागं कधीतरी कुणीतरी भोकात लांबी थापून वर रंग मारला होता. खरवडल्यावर अंगठ्याएवढा थर निघाला, आणि त्याखाली काहीच नाही.

पत्रा गेला कशानं? गुळानं. गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो, पावसाळ्यात पाघळतो. तो चिकटा तळाच्या आणि बाजूच्या पत्र्यांच्या जोडात उतरला, त्यावर धूळ बसली, आणि तो जोड वर्षानुवर्षं ओलाच राहिला. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे दोन पत्र्यांच्या मधे धरला की तो पाचर मारल्यासारखा जोड उकलत जातो. वरून नुसता फुगवटा दिसतो. बोटानं दाबा, बोट आरपार जातं.

आबांच्या नातवाचं म्हणणं होतं, अख्खा हौदाच नवा बांधून घेऊ.
आबा म्हणाले, "नवा हौदा, उद्या नवी केबिन. मग ही गाडी ठेवायची तरी कशाला?"

त्यावर वाद बराच चालला. शेवटी कुजलेला भाग तेवढा कापायचा आणि त्याच जाडीच्या पत्र्याचं ठिगळ बसवायचं ठरलं. काम वेळखाऊ आहे. आधी डिझेलची टाकी उतरवायची, बॅटरीची वायर सोडायची, मगच वेल्डिंग. एका दमात लांब टाका मारला तर पत्रा तापून वाकडा होतो. म्हणून इथं एक थेंब, तिकडं एक, मधे गार होऊ द्यायचं. फाळक्याच्या बिजागऱ्या जुन्याच ठेवल्यात. पोचे आलेत, पण लोखंड शाबूत आहे.

चासी घासताना एका जागेला ग्राइंडर लावायचा नाही: नंबर कोरलेला असतो तिथं. गंज हातानं, बारीक पॉलिश पेपरनं काढायचा आणि वर ग्रीस लावून ठेवायचं. तो नंबर पुसला गेला, तर गाडी कितीही चकचकीत करा, आरटीओच्या लेखी ती तुमची गाडी नाही.

(दृश्य: शिवाजी उद्यमनगर. बोरिंग मशीनवर इंजिनचा ब्लॉक.)

इंजिनाचं मात्र घरी होत नाही. 1948 सीसी, चार सिलिंडर, साधं डिझेल. डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटतं, म्हणून थंडीत हीटर प्लग तापल्याशिवाय ते दाद देत नाही. हेच इंजिन सिएरात होतं, सुरुवातीच्या सुमोत होतं. त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंग अजून मिळतात. ब्लॉक आणि क्रँक टेम्पोत घालून उद्यमनगरात न्यायचा. शेतीची ऑइल इंजिनं घडवण्यात ज्या वर्कशॉपांच्या पिढ्या गेल्या, त्यांना हे काम नवं नाही.

ब्रेकचे ड्रम उघडताना नातवानं हवेचा पाइप उचलला आणि मिस्त्रींनी तो हातातून काढून घेतला. जुन्या लायनिंगमध्ये बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. ती घातक धूळ उडवायची नाही, पाण्यानं भिजवून फडक्यानं पुसायची. व्हील सिलिंडर, रबरं, होस सगळं नवं. इथं काटकसर नको.

रंग पांढरा. आबांना निळा हवा होता, पण आरसी बुकात पांढरा लिहिलाय, आणि बदलायचा तर पुन्हा कागदपत्रं.

(दृश्य: आरटीओच्या मैदानात तपासणीच्या रांगेत पांढरी पिकअप.)

2021 च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, चासी आणि बॉडीत मोठे फेरफार न केलेली, धंद्यासाठी न वापरली जाणारी गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. या गाडीला ते वय गाठायला 2040 उजाडेल. तोवर ती मालवाहू आहे, आणि मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरसाल फिटनेस काढावा लागतो.

नातवानं हे सगळं मोबाइलवर वाचून दाखवलं. आबांनी ऐकून घेतलं.

"बरं हाय की. तवर गूळ वढंल."